प्लास्टिकच्या टाकीला इंधनाचा काटा बसवताना: नव्या बोटमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बोटीच्या टाकीत किती डिझेल उरले आहे हे पाहण्यासाठी मी पहिली तीन वर्षे खुणा केलेली लाकडी पट्टी वापरली. टाकीचे झाकण उघडायचे, पट्टी तळाला टेकवायची, वर काढायची आणि ओल्या रेघेवरून अंदाज बांधायचा. ही पद्धत भरवशाची आहे आणि आजही ती पट्टी मी बोटीवर ठेवतो. मात्र इंजिन चालू असताना, लाटांवर, एकट्याने सुकाणू धरलेल्या माणसाला तिचा उपयोग होत नाही. म्हणून मी सेंडर (टाकीत उतरून पातळी मोजणारा भाग) आणि गेज (ती दाखवणारा काटा) विकत आणून स्वतः बसवले आणि पहिल्या खेपेस ते चुकीचे बसवले.

टाकी काठोकाठ भरून किल्ली फिरवली तेव्हा काटा ‘पूर्ण’च्या रेघेच्याही किंचित पलीकडे जाऊन थांबला आणि काम नीट झाले असे मला वाटले. पुढच्या दोन फेऱ्यांत तो तसूभरही हलला नाही. तिसऱ्या फेरीत इंजिन आचके देऊन बंद पडले, डिझेलच्या नळीत हवा शिरली आणि ती काढून इंजिन पुन्हा सुरू करेपर्यंत वाऱ्याने बोट उथळ पाण्याकडे लोटली. मागाहून कारण कळले ते एवढेच होते की, सोबतचे सूचनापत्र धातूच्या टाकीसाठी लिहिलेले होते आणि माझी टाकी प्लास्टिकची होती. धातूच्या टाकीत सेंडरला अर्थ, म्हणजे वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट, टाकीच्या अंगातूनच मिळून जाते. प्लास्टिकच्या टाकीत त्यासाठी वेगळी तार ओढावी लागते. ती तार मी ओढलेलीच नव्हती.

त्या अनुभवानंतर मी टाकीकडे नव्याने पाहू लागलो. प्लास्टिक विजेला वाट देत नाही, गोंद किंवा सीलंट अंगाला धरून ठेवत नाही आणि इंधन शोषून फुगते. पुढे दिलेल्या जवळपास प्रत्येक पायरीचे कारण या तीन स्वभावांपैकी एकात सापडते, त्यामुळे ते आरंभापासून ध्यानात ठेवावेत.

१. आधी आपली टाकी ओळखा

बोटीत कायम बसवलेल्या प्लास्टिक टाक्या बहुतेक पॉलिइथिलीनच्या असतात. साच्यात फिरवून घडवलेल्या या टाक्यांची भिंत सर्वसाधारणपणे ५ ते ८ मिलिमीटर जाड असते आणि मोठ्या टाक्यांमध्ये इंधन हेलकावू नये म्हणून आडपडदे, म्हणजे बॅफल, घडवलेले असतात. टाकीच्या माथ्यावर हात फिरवून पाहा. पाच स्क्रूंनी बसवलेली गोल पट्टी किंवा आट्यांचे मोठे बूच दिसले, तर ती जागा बहुधा सेंडरसाठीच ठेवलेली असते. अशी तयार जागा असेल तर तुमचे निम्मे काम झालेले आहे आणि सातवी पायरी तुम्हाला वगळता येईल.

पाच भोकांची मांडणी जगभर सर्वाधिक आढळते. त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ५४ मिलिमीटर असतो आणि भोकांमधली अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात, जेणेकरून सेंडर एकाच दिशेने बसावा. भोके जुळत नाहीत म्हणून एखादे कानसीने वाढवण्याचा मोह होतो. तसे न करता सेंडर थोडा थोडा फिरवून पाहावा. पाचही भोके एकाच स्थितीत बरोबर जुळतात.

टाकीवरच्या लेबलाचे छायाचित्र याच वेळी काढून ठेवा. क्षमता, इंधनाचा प्रकार आणि निर्मात्याचा क्रमांक पुढे लागतो, आणि टाकी पुन्हा जागेवर बसली की लेबल बहुधा दिसेनासे होते.

२. सेंडरचा प्रकार निवडा

सेंडर म्हणजे टाकीत उतरणारा भाग आणि गेज म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा. नवख्यांसाठी दोनच प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आडव्या दांड्याचा. दांड्याच्या टोकाला फ्लोट असतो, तो पातळीबरोबर वरखाली होतो आणि दांड्याच्या मुळाशी असलेला बदलता रोधक विजेचा रोध बदलतो. हा स्वस्त असतो आणि त्याची लांबी बसवताना कमीजास्त करता येते. मात्र दांड्याला फिरायला आडवी मोकळी जागा लागते, आणि आडपडदे असलेल्या टाकीत तीच मिळत नाही.

दुसरा उभ्या नळीचा. स्टीलच्या नळीवर चुंबक असलेला फ्लोट सरकतो आणि नळीच्या आत ठराविक अंतरावर बसवलेले बारीक चुंबकीय स्विच एकेक करून जुळतात. त्यामुळे काटा सलग न सरकता पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो. एक पायरी साधारण २० मिलिमीटरची असते. २५० मिलिमीटर खोल टाकीत अशा बाराएक पायऱ्या मिळतात आणि व्यवहारात तेवढ्या पुरतात. इंधनाच्या हेलकाव्यांनी काटा कमी नाचतो, आत झिजणारा उघडा भाग नसतो आणि आडवी जागाही लागत नाही. याची लांबी नंतर बदलता येत नाही, ही एकच अडचण. लांबी अचूक मोजण्याची तयारी असेल तर प्लास्टिकच्या टाकीसाठी मी हाच सुचवेन.

टाकीच्या बाहेरून चिकटवायचे ध्वनिलहरींवर चालणारे सेंडरही मिळतात आणि भोक पाडायचेच नसेल तर तो एक मार्ग आहे. ते घेण्यापूर्वी आपल्या इंधनासाठी आणि आपल्या टाकीच्या भिंतीच्या जाडीसाठी ते चालतात असे निर्मात्याने लेखी म्हटले आहे का, एवढे पाहावे. टाकीच्या कडेला पारदर्शक नळी लावून पातळी पाहण्याची जुनी युक्ती मात्र पेट्रोलच्या बाबतीत पूर्णपणे टाळावी, कारण ती नळी निसटली किंवा तडकली तर सगळी टाकी बोटीच्या तळात रिकामी होते. याच कारणाने पेट्रोलच्या टाकीची सर्व तोंडे माथ्यावरच असावीत असा नियम आहे.

३. सेंडर आणि गेज यांची भाषा जुळवा

गेज खरे तर इंधन मोजत नाही. सेंडरचा रोध किती ओहम आहे एवढेच त्याला कळते. हा रोध मोजण्याच्या प्रमुख पद्धती दोन आहेत. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात. युरोपीय पद्धतीत रिकाम्याला १० ओहम आणि भरलेल्याला १८० ओहम. काही सेंडर ० ते १९० ओहमचेही असतात. म्हणजे एका पद्धतीत टाकी भरताना रोध घटतो आणि दुसरीत तो वाढतो. एका पद्धतीचा सेंडर दुसऱ्या पद्धतीच्या गेजला जोडला तर टाकी रिकामी होत जाईल तसा काटा ‘पूर्ण’कडे चढत जातो, आणि याहून घातक चूक या कामात दुसरी नाही.

विक्रेत्याने ‘सगळे सारखेच असतात’ असे सांगितले तरी खोक्यावरचे आकडे स्वतः वाचा. खोके नसेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेंडरच्या दोन टोकांना लावा आणि फ्लोट हाताने तळापासून माथ्यापर्यंत सरकवा. दोन टोकांचे आकडे लगेच कळतात. गेज १२ व्होल्टचा आहे की २४ व्होल्टचा, तेही याच वेळी तपासावे.

४. मापे घ्या, आणि दोनदा घ्या

सेंडर टाकीच्या मध्याजवळ असावा. वेग घेतल्यावर बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलली जाते आणि इंधन मागे धावते, बोट कलली की ते एका बाजूला जाते. या दोन्ही हालचालींत पातळी सर्वांत कमी बदलते ती मध्यभागी. मध्यावर आडपडदा आला किंवा इंधन ओढून घेणारी नळी आडवी आली, तर शक्य तितके जवळचे मोकळे ठिकाण निवडावे. टॉर्च वापरायची असेल तर ती टाकीच्या बाहेरूनच, तीही स्फोटरोधक असल्याची खात्री करून.

खोली मोजण्यासाठी स्वच्छ लाकडी पट्टी नेमक्या त्या जागेच्या भोकातून तळाला टेकवा. शेजारच्या भोकातून मोजू नका. प्लास्टिकच्या टाकीचा तळ सपाट नसतो आणि दोन हातांच्या अंतरात खोली सहज बदलते.

उभ्या नळीच्या सेंडरची लांबी या खोलीपेक्षा १५ ते २५ मिलिमीटर कमी घ्यावी. कारण टाकी फुगते तसा तिचा माथा वर येतो आणि तळ खाली झुकतो हे खरे, पण लाटांच्या तडाख्यात तळ वरही उसळतो, आणि नळीचे टोक त्याला सतत ठोकत राहिले तर तिथे प्लास्टिक झिजून भोक पडू शकते. तळाचे ते दोन सेंटिमीटर इंधन काट्याला दिसणार नाही. ते राखीव समजावे.

आडव्या दांड्याच्या सेंडरसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. दांडा फिरतो तो बिंदू टाकीच्या निम्म्या खोलीवर असावा, आणि दांडा आडव्यापासून वर ४५ अंश व खाली ४५ अंश फिरावा. त्यासाठी दांड्याची लांबी खोलीच्या साधारण ०.७ पट घ्यावी. उदाहरणार्थ, ३०० मिलिमीटर खोल टाकीत फिरण्याचा बिंदू माथ्यापासून १५० मिलिमीटरवर आणि दांडा २१० मिलिमीटरचा. फ्लोटला स्वतःची जाडी असते, म्हणून तो तळाला आणि माथ्याला घासत नाही ना, हे दांडा कापण्यापूर्वी कागदावर खऱ्या मापात रेखाटून पाहावे. दांडा ज्या दिशेने फिरणार त्या दिशेला २१० मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त जागा पूर्ण मोकळी हवी.

आणखी एक माप बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे टाकीच्या वरच्या जागेचे. ३०० मिलिमीटरचा सेंडर आत घालायला टाकीच्या वरही तेवढीच मोकळी उंची लागते. डेक आडवा येत असेल तर वर तपासणीचे झाकण बसवावे लागेल, आणि ते आधीच बसवलेले बरे, कारण सेंडर कधीतरी बाहेर काढावा लागणारच.

५. साहित्य, हत्यारे आणि कागद

कागदांपैकी टाकीच्या निर्मात्याचे माहितीपत्रक, सेंडरचे ओहम आणि लांबी दाखवणारा कागद आणि गेजच्या मागच्या जोडण्यांची आकृती हाताशी ठेवा. त्यांच्याबरोबर पुढील वस्तू लागतात:

– गेज, सेंडर आणि इंधनाला टिकणारे गॅस्केट, म्हणजे सांध्यात दाबून बसणारी रबरी चकती. डिझेलसाठी नायट्राइल रबर चांगले. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलसाठी व्हायटॉनसारखे फ्लुओरोरबर अधिक टिकते.
– टाकीला तयार जागा नसेल तर आतून बसवायची फटीची, म्हणजे एका जागी कापलेली, स्टीलची कडी, तिचे बोल्ट आणि प्रत्येक बोल्टसाठी सीलबंद वॉशर.
– कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार, १.५ चौरस मिलिमीटरची. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून काळी पडते.
– गोल टर्मिनल, क्रिंप करण्याची, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून घट्ट बसवण्याची, पक्कड आणि आत गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी.
– गेजच्या कागदावर सांगितलेला फ्यूज, बहुधा १ ते ३ अँपिअरचा.
– मल्टिमीटर, पाने, हाताने फिरवायचा ड्रिल, गोल करवत, बारीक कानस, चिंध्या आणि पाच लिटरचे मापाचे भांडे.

सिलिकॉन या यादीत नाही, ते मुद्दामच वगळले आहे. साधे सिलिकॉन डिझेल-पेट्रोलने फुगून सैल पडते, आणि मुळात पॉलिइथिलीनला ते चिकटतच नाही. टेफ्लॉनची फीतही सपाट गॅस्केटजवळ वापरू नये. तिचे तंतू आत जाऊन फिल्टरमध्ये अडकतात. इथे इंधन अडते ते गॅस्केटवर पडणाऱ्या सारख्या दाबामुळे, आणि म्हणून सगळे लक्ष त्या दाबाकडे द्यावे.

६. हत्यार उचलण्यापूर्वी सुरक्षा

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि डिझेलला त्यासाठी ५० अंशांहून अधिक तापमान लागते. या एका फरकामुळे दोन्ही इंधनांचे काम सर्वस्वी वेगळे होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती बोटीच्या तळात साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण १.४ ते ७.६ टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक असते ती यामुळेच; भरलेल्या टाकीत हवा नसते, रिकामीत हवा आणि वाफ यांचे नेमके घातक मिश्रण असते.

म्हणून बॅटरीची ऋण तार काढून ठेवा, ती सर्वांत आधी. टाकी शक्यतो बोटीतून बाहेर काढून मोकळ्या हवेत काम करा. जवळ अग्निशामक ठेवा. विजेवर चालणारा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर टाकीजवळ आणू नका. चुरा ओढण्यासाठी तो सोयीचा वाटतो, पण तो वाफही ओढतो आणि त्याची मोटर ठिणग्या उडवते. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिललाही हेच लागू आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, पेट्रोलची वापरलेली टाकी असेल आणि तिला सेंडरची तयार जागा नसेल, तर तिला घरी भोक पाडू नये. तयार जागा असलेली टाकी घ्यावी किंवा बाहेरून बसणारा सेंडर निवडावा. पॉलिइथिलीन पेट्रोल शोषून घेते, त्यामुळे टाकी धुऊन वाळवली तरी भिंतींतून वाफ पुन्हा बाहेर येत राहते. पुढची पायरी केवळ डिझेलच्या टाकीसाठी, किंवा एकदाही इंधन न भरलेल्या कोऱ्या टाकीसाठी आहे.

७. भोक पाडणे

डिझेल उपसून काढल्यावर टाकी साबणाच्या पाण्याने धुवा आणि मग माथ्याच्या तीन-चार बोटे खालपर्यंत स्वच्छ पाण्याने भरा. हे पाणी दोन कामे करते. एक तर आतल्या वाफेची जागा घेते. दुसरे असे की, पॉलिइथिलीनचा चुरा पाण्यापेक्षा हलका आणि डिझेलपेक्षा जड असतो. पाण्यावर तो तरंगतो आणि भोकातूनच ओगराळ्याने किंवा जाळीने काढता येतो, पण डिझेलमध्ये तो तळाला बसतो आणि महिन्यांनंतर इंधनाच्या नळीचे तोंड बुजवतो. चुंबकाने तो निघत नाही हे वेगळे सांगायला नको. पाण्यावर काम करताना मुख्य वीजपुरवठ्यावरचे ड्रिल वापरू नये. हाताने फिरवायचा ड्रिल हळू चालतो, पण या मऊ प्लास्टिकसाठी हळूच चालायला हवे. वेगाने फिरवलेली करवत प्लास्टिक वितळवते आणि कड दातेरी होते.

फ्लँजबरोबर, म्हणजे सेंडरच्या माथ्यावरच्या भोके असलेल्या गोल चकतीबरोबर, येणारा कागदी नमुना टाकीवर चिकटवून आधी मधले मोठे भोक पाडा, मग कड कानसीने गुळगुळीत करा. मधल्या भोकाचे माप नमुन्यावर असेल तेच घ्यावे, कारण ते सेंडरनुसार बदलते. त्यानंतर फटीची कडी एखादी किल्ली कड्यात ओवावी तशी फिरवत भोकातून आत घाला, तिचे बोल्ट वर येतील अशी धरा, त्यांच्या जागा टाकीवर नीट खुणावून घ्या, कडी बाहेर काढा आणि मगच लहान भोके पाडा. कडीला दोरा बांधून ठेवावा. ती आत पडली तर काढण्यात अर्धा दिवस जातो.

स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू थेट टाकीच्या भिंतीत कधीही घालू नका. पाच-सहा मिलिमीटर मऊ प्लास्टिकमध्ये ते सुरुवातीला घट्ट वाटतात आणि एका हंगामात सुटतात. बोल्टची ओढ आतल्या स्टीलच्या कडीवर यावी, प्लास्टिकवर नाही.

शेवटी पाणी पूर्णपणे काढा, टाकी उलटी करून निथळू द्या, कापडाने पुसा आणि सगळी तोंडे उघडी ठेवून दोन दिवस वाळवा. बंद करण्यापूर्वी एखादा लिटर डिझेल आत खळबळवून टाकून द्यावे, म्हणजे उरलेला ओलावा आणि चुरा दोन्ही निघतात. ते सांडपाण्यात ओतू नका. वापरलेल्या तेलाबरोबर द्या.

८. सेंडर टेबलावर तपासा, मग बसवा

सेंडर टाकीत घालण्यापूर्वी तो, गेज आणि बॅटरी टाकीपासून दूर एका टेबलावर जोडा आणि फ्लोट हाताने वरखाली करा. काटा रिकाम्यापासून पूर्णापर्यंत जायला हवा. ही दहा मिनिटे वाचवली तर नंतर एक सबंध दिवस जातो.

बसवताना टाकीचा माथा कोरडा आणि स्वच्छ करा. आधी गॅस्केट, मग फ्लँज, मग वॉशर आणि नट असा क्रम ठेवा. बोल्ट टाकीच्या भिंतीतून आरपार जात असल्याने इंधन त्यांच्या आट्यांवरून चढून येते, म्हणून प्रत्येक बोल्टखाली सीलबंद वॉशर हवाच. नट एका पाठोपाठ एक शेजारचे न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळा. गॅस्केट सगळीकडून सारखे दबले आणि कडेला किंचित फुगलेले दिसले की थांबा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. प्लास्टिक वाकते, गॅस्केट दोन नटांच्या मध्ये उचलले जाते आणि गळती तिथूनच सुरू होते. निर्मात्याने आवळण्याचे माप दिले असेल तर तेच पाळावे. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा एकदा हाताला लावून पाहा, कारण गॅस्केट रात्रभरात बसते.

९. तारा जोडणे

गेजच्या मागे बहुधा तीन खुंट असतात: किल्लीतून येणाऱ्या धन तारेचा, सेंडरच्या तारेचा आणि ऋण तारेचा. धन तार फ्यूजमधून आणि किल्लीच्या स्विचमधून यावी. सेंडरच्या मधल्या खुंटापासून गेजच्या सेंडर-खुंटापर्यंत एक तार ओढावी; बोटींमध्ये या तारेसाठी गुलाबी रंग रूढ आहे आणि तो पाळल्यास पुढे दोष शोधणाऱ्याला मदत होते.

आता ती तार, जी मी विसरलो होतो. सेंडरच्या फ्लँजवरील अर्थच्या स्क्रूपासून एक वेगळी तार थेट ऋण बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या ऋण तारा एकत्र येतात त्या पट्टीपर्यंत, न्या. टाकी प्लास्टिकची आहे, बोट फायबरची आहे, मध्ये कुठेही विजेला वाट नाही. ही तार नसेल तर गेजला रोध अनंत दिसतो. युरोपीय पद्धतीचा गेज अशा वेळी कायम ‘पूर्ण’ दाखवतो, अमेरिकी पद्धतीचा कायम ‘रिकामी’. दुसरा निदान सावध तरी करतो, पहिला फसवतो.

याच अर्थचा आणखी एक उपयोग आहे. इंधन भरताना घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि प्लास्टिकच्या टाकीत तिला निघून जायला मार्ग नसतो. म्हणून सेंडरची धातूची फ्लँज आणि डेकवरचे भरण्याचे धातूचे तोंड, दोन्ही बोटीच्या अर्थला जोडलेली असावीत. तोंडापासून टाकीपर्यंतची नळी रबराची असल्याने त्या तोंडाला स्वतंत्र तार लागते. अमेरिकेच्या संघीय नियमांत पेट्रोल बोटींसाठी हा रोध १०० ओहमपेक्षा कमी असावा असे म्हटले आहे, आणि मल्टिमीटरने ते मिनिटभरात तपासता येते. इंधन भरताना पंपाची तोटी या धातूच्या तोंडाला टेकलेली ठेवावी.

एक गोष्ट कधीही करू नका: सेंडरच्या खुंटाला थेट १२ व्होल्ट लावणे. गेज स्वतः सेंडरमधला प्रवाह मर्यादित ठेवतो. तो मध्ये नसेल तर १० ओहमच्या सेंडरमधून १.२ अँपिअर वाहतात आणि १४ वॉटहून अधिक उष्णता टाकीच्या आत तयार होते. ‘तार बरोबर आहे का बघू’ म्हणून बॅटरीची तार टेकवून पाहण्याची सवय इथे प्राणावर बेतू शकते.

जोडण्या क्रिंप करा, आकसणारी नळी चढवा आणि तारा टाकीवर सैल न सोडता दर अर्ध्या हातावर बांधून घ्या. टाकी फुगणार आहे, म्हणून सेंडरजवळ तारेला थोडी ढील ठेवावी.

१०. पहिली चाचणी आणि दोष शोधणे

बॅटरी जोडण्यापूर्वी बोटीच्या तळाला मोकळ्या हवेचा नीट वारा लागू द्या. पेट्रोलच्या बोटीत पंखा किमान ४ मिनिटे चालवा आणि नाकानेही खात्री करा. मग किल्ली फिरवा.

काटा चुकीचा वाटला तर आधी दोष गेजकडे आहे की सेंडरकडे, हे ठरवावे. हा तपास बॅटरी जोडलेली असतानाच होतो, म्हणून तो गेजच्या मागे, टाकीपासून दूर करावा. सेंडरची तार गेजच्या खुंटावरून काढा. अमेरिकी पद्धतीचा काटा रिकाम्यावर यायला हवा, युरोपीय पूर्णावर. मग गेजचा सेंडर-खुंट आणि ऋण खुंट एका छोट्या तारेने जोडा. काटा उलट टोकाला जायला हवा. तसे झाले तर गेज चांगला आहे. त्यानंतर किल्ली बंद करून त्या काढलेल्या तारेपासून ऋण खुंटापर्यंतचा रोध मोजा. आकडा अनंत आला तर अर्थची तार तुटलेली किंवा विसरलेली आहे. आकडा योग्य मर्यादेत असूनही पातळीबरोबर बदलत नसेल तर फ्लोट अडकलेला आहे, बहुधा आडपडद्याला.

गळतीसाठी टाकी पूर्ण भरून, पण फुगवट्यासाठी माथ्यावर साधारण ५ टक्के जागा सोडून, रात्रभर ठेवा आणि फ्लँजभोवती कोरडा पांढरा कागद फिरवा. कॉम्प्रेसरने टाकीत हवा भरून तपासू नका. प्लास्टिकची टाकी थोड्याशा दाबानेही विद्रूप होते.

११. काट्याचे लिटर लिहून काढा

अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी नव्हे. बोटीच्या तळाशी जुळावे म्हणून टाकी बहुतेकदा खाली निमुळती असते. टाकी पूर्ण त्रिकोणी आकाराची असेल तर निम्म्या उंचीवर तिच्यात चौथाई इंधनच असते. माझी टाकी ६० लिटरची आहे आणि काटा नेमका मध्यावर असताना तिच्यात २३ लिटर असतात. हा सात लिटरांचा फरक डोक्यात नसेल तर परतीचा हिशेब चुकतो.

कोऱ्या टाकीच्या बाबतीत हे काम थोडे पुढे ढकलावे. पॉलिइथिलीन पेट्रोलमध्ये पहिल्या काही आठवड्यांत लांबी-रुंदीला साधारण २ टक्के वाढते, म्हणजे एक मीटरच्या टाकीत दोन सेंटिमीटर. म्हणूनच टाकीभोवती तेवढी जागा मोकळी ठेवून पट्टे किंचित सैल बांधायला सांगतात. टाकी एकदा भरून महिनाभर वापरून झाली की मापन करा.

बोट शांत पाण्यात, सामान नेहमीसारखे लादून, सपाट उभी असताना टाकी रिकामी करा आणि पाच-पाच लिटर ओतत जा. प्रत्येक वेळी दोन मिनिटे थांबून काटा कुठे आहे ते वहीत टिपा. पेट्रोल असेल तर हे काम पंपावरच, पंपाच्या मीटरवर पाहून करावे. हाताने वारंवार ओतू नये. उभ्या नळीच्या सेंडरमध्ये काटा एखाद्या टप्प्यावर हलणार नाही आणि पुढच्या टप्प्यावर उडी मारेल. ते स्वाभाविक आहे.

तयार झालेला तक्ता जलरोधक कागदावर उतरवून गेजच्या शेजारी चिकटवा आणि त्यावर तारीख घाला. नाळ उचललेली असताना काटा किती बदलतो, तेही एखाद्या फेरीत पाहून त्याच कागदाच्या तळाशी लिहा. पहिल्या हंगामाच्या शेवटी फ्लँजचे नट पुन्हा तपासा, जुनी लाकडी पट्टी एकदा टाकीत घालून तक्त्याशी ताडून पाहा, आणि दोन्हींत तफावत आली तर तक्ता नव्याने करा.